कार्बन

दिवे लागले तरी कुणी काही बोललं नाही. या घरात असं सहसा होत नाही. इथे सिनेमा चालू असतानाच माणसं बोलायला लागतात आणि संपला की भांडायला.

स्टुडिओच्या मागच्या अंगाला असलेलं ते सतरा खुर्च्यांचं थिएटर, सकाळचे साडेदहा, आणि आत फक्त पाच माणसं. घरचा सिनेमा आधी घरच्यांनी बघायचा, बाहेरचं चिटपाखरूही आत येऊ द्यायचं नाही, आणि बघून झालं की काय कापायचं ते एकेकानं सांगायचं, ही अप्पांनी घालून दिलेली शिस्त. सगळ्यांत धाकट्यानं आधी बोलायचं, कारण थोरल्यांचं ऐकलं की धाकटे मत फिरवतात. शेवटचा शब्द अप्पांचा. मग आत्या, म्हणजे अप्पांची थोरली लेक, संकलनाच्या खोलीत जाऊन सांगितलं तेवढं कापायची आणि विषय मिटायचा. "हिला आमच्यात लोकशाही म्हणतात," असं ठमीचे बाबा सांगायचे. ते जाऊन दहा वर्षं झाली. शिस्त तशीच राहिली, हसवणारा तेवढा गेला.

म्हणजे आज पहिली पाळी नातीची, ठमीची. वय बावीस, पहिलाच सिनेमा, आणि तो आईनं दिग्दर्शित केलेला. उद्यापासून आवाजाचं शेवटचं मिश्रण सुरू होणार होतं. त्यानंतर सिनेमाला कुणी हात लावू शकणार नव्हतं. आज ठरेल ते कायमचं.

"दुसऱ्या भागात मी पळते ते काढा," ठमी म्हणाली. "पळताना मी बदकासारखी दिसते."

"दिसतेस खरी," काका मागून म्हणाला.

"आणि शेवटचा शॉट?" आईनं विचारलं. खरं तर पाळी चालू असताना कुणी प्रश्न विचारायचा नसतो. पण आईला आज धीर नव्हता.

"तो मात्र राहू दे." ठमीनं मागे वळून पाहिलं नाही. "अख्ख्या सिनेमात मला तेवढाच आवडला. बाकी सगळीकडे मी काम करताना दिसते. तिथे नाही दिसत."

तो शॉट असा होता. मुलगी बाहेरून घरी येते. भाऊ आता कधीच परतणार नाही, हे तिला आईला सांगायचं असतं. आई भांडी पुसता पुसता विचारते, "एकटीच आलीस?" मुलगी उत्तर देत नाही. आईच्या डोळ्यांकडे बघता बघता तिची नजर किंचित सरकते आणि आईच्या कानापाशी जाऊन थांबते. खालचा ओठ डाव्या बाजूनं आत जातो. पापणी लवत नाही. आत्यानं तो चेहरा पडद्यावर नऊ सेकंद ठेवला होता. नऊ सेकंद फार असतात. ज्याला आपल्या कलाकाराची खात्री नसते तो चार सेकंदांत पळ काढतो.

आता आईची पाळी. ती उठून पडद्यासमोरच गेली, हातात गुंडाळी घेऊन.

"मला काहीच कापायचं नाही. आणि हे बघा. आज सकाळीच छापून आलंय." तिनं गुंडाळी उलगडली. डाव्या बाजूला बत्तीस वर्षांचे अप्पा, काळ्यापांढऱ्यात. उजव्या बाजूला ठमी, रंगीत. दोघांची नजर तशीच सरकलेली, दोघांचा ओठ तसाच आत. खाली एकच ओळ होती: रक्तातलं कुठे जातं?

अप्पांचा तो चेहरा माहीत नाही असा सिनेमा बघणारा माणूस सापडणं कठीण. 'अडलेला हुंदका' म्हणत त्याला. त्या एका शॉटवर अप्पांची पुढची तीस वर्षं उभी राहिली. नकलाकार टोपी फिरवून, ओठ आत घेऊन उभे राहिले की लोक नाव न सांगता ओळखायचे.

"अप्पा, कसं वाटतंय?" आईनं विचारलं.

अप्पांनी पोस्टर हातात घेतलं नाही. "माझी पाळी शेवटची," ते म्हणाले.

"मग आता माझी," काका म्हणाला. "शेवटचा शॉट काढा."

ठमीला आधी वाटलं, हा चेष्टा करतोय. काका चेष्टा करतो तेव्हा त्याचा आवाज बदलतो. तो बदलला नव्हता.

"काय म्हणालात?" आई.

"आई भांडी पुसते तिथेच सिनेमा संपव. 'एकटीच आलीस?' आणि अंधार. ठमीचा चेहरा नको."

"भाऊजी, त्या चेहऱ्यासाठी हा सिनेमा केलाय मी!"

"मला कळतंय ते."

"नाही कळत. तो शॉट गेला तर हिच्या हातात राहतं काय? बदकासारखं पळणं? त्या नऊ सेकंदांवर हिला पुढची कामं मिळणार आहेत." आईचा आवाज चढला. चढला की तो कुठे जाऊन लागेल याचा नेम नसतो. "का तुम्हाला मिळालं नाही म्हणून हिलाही नको?"

हे शब्द बाहेर पडले आणि तिचे तिलाच ऐकू आले. पण परत घेता येईनात.

काकाला वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. कधीतरी हे कुणीतरी म्हणणारच होतं. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला कुणाकडून काय ऐकायचं बाकी आहे, याची यादी साधारण पाठ असते.

चोविसाव्या वर्षी तो नायक म्हणून उभा राहिला होता. अप्पांचा मुलगा म्हणून नाही, असं तो सगळ्यांना सांगत फिरायचा. पहिल्या सिनेमात एका प्रसंगात त्याची नजर सरकली आणि ओठ आत गेला. त्यानं काही ठरवून केलं नव्हतं, झालं होतं तसं. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा आला: 'कार्बन कॉपी'. दुसऱ्या सिनेमात त्यानं ओठ आवळून धरला, नजर खिळवून ठेवली, सगळा चेहराच पहाऱ्यात ठेवला, तर लिहून आलं की कार्बन आता पुसटही झाला. तिसरा सिनेमा आला नाही. धंद्यात त्याचं नावच कार्बन पडलं. लाइटवाले हाक मारायचे, "कार्बनशेठ, चहा?" प्रेमानंच मारायचे, हे आणखी वाईट. पुढे तो डबिंगमध्ये शिरला. गेली तीस वर्षं दुसऱ्यांच्या चेहऱ्यांना तो आवाज देतो. अंधाऱ्या खोलीत उभं राहून रडतो, हसतो, मरतो, आणि त्याचा चेहरा कुणी बघत नाही. बरं चाललंय, असं तो विचारणाऱ्याला सांगतो. ते पुष्कळसं खरंही आहे.

"मिळालं नाही हे खरंय," तो शांतपणे म्हणाला. "म्हणून तर सांगतोय. तुझं हे पोस्टर आठ दिवस छान चालेल. आहाहा, आजोबांची नात! नवव्या दिवशी लोक म्हणतील, हिचं स्वतःचं काय आहे? मग ही घाबरेल. पुढच्या सिनेमात ओठ आवळून धरेल. मी धरला होता. एकदा धरलेला ओठ सुटत नाही, अगं."

"मी अप्पांचं काहीच केलेलं नाही!"

हे ठमी. पाळी सोडून बोलत होती आणि उभी राहून बोलत होती. अप्पांनीही तिला थांबवलं नाही.

"मी अप्पांचा तो सिनेमा मुद्दाम बघितला नाही. लोक विचारतील म्हणून. हे मी तुझं घेतलंय, काका."

"माझं?"

"बाबा गेले त्या दिवशी शाळेत मला न्यायला तू आलास. आठवतंय? फाटकापाशी उभा होतास. मी विचारलं, बाबा नाही आले? तू काही बोलला नाहीस. माझ्या कानाकडे बघत राहिलास. मला वाटलं, माझ्या कानाला काहीतरी लागलंय. मी कान पुसला. आणि मग मला कळलं." "शूटिंगच्या दिवशी मी तुला आठवून केलं. ठरवून केलं. रक्तबिक्त काही नाही त्यात."

आई पोस्टर हातात धरून उभी होती. शाळेच्या फाटकाची गोष्ट तिलाही नवीन होती. दहा वर्षांत लेकीनं ती सांगितली नव्हती, आणि आपण कधी विचारली नव्हती, याची तिला लाज वाटली. तिनं पोस्टर गुंडाळायला घेतलं.

काकाला काय करावं कळेना. पुतणीनं आपल्याकडून काही घेतलं, या सुखानं त्याचं काळीज भरून आलं होतं, आणि त्याच वेळी ते आपलं नाही, हेही त्याला ठाऊक होतं.

"बाळा, माझ्याकडून घेतलंस म्हणजे अप्पांचंच घेतलंस," तो म्हणाला. "मी नुसता मधला कागद. माझं त्यात काही नाही."

आत्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. आता पाळी तिची होती आणि तिला ती नको होती.

भावजयीला पोस्टरसाठी अप्पांचा जुना शॉट हवा होता, म्हणून आत्यानं गोदामातले त्या सिनेमाचे सगळे डबे संगणकावर उतरवून घ्यायला प्रयोगशाळेत पाठवले होते. अकरा डब्यांवर चिठ्ठ्या होत्या, बाराव्यावर नव्हती. त्या बाराव्यात होतं ते तिनं दोन दिवसांपूर्वी पाहिलं आणि खोलीला आतून कडी घातली. अप्पांनी सांगावं आणि हिनं कापावं, यात तिचं आयुष्य गेलं होतं. अप्पांचे वाईट शॉट तिनं कापले, चांगले तिनं लांबवले. त्यांच्या नावाला ओरखडा येईल असं एक चित्रही तिनं कधी बाहेर जाऊ दिलं नव्हतं. हेही बाहेर गेलं नसतं. पुसायला एक बटण दाबायचं होतं. दोन दिवस तिनं ते दाबलं नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. धाकट्या भावाचा तो 'मधला कागद' ऐकला आणि तिला स्वतःचाच राग आला.

"मत देण्याआधी मला काही दाखवायचंय," ती म्हणाली.

"आधी मत दे," अप्पा म्हणाले.

"नाही अप्पा. आधी दाखवते."

अप्पांना ती नाही म्हणाल्याचं खोलीतल्या कुणाच्याही आठवणीत नव्हतं. ती मागच्या केबिनमध्ये गेली. दिवे गेले.

पडद्यावर आधी पाटी आली. पाटीवर अप्पांच्या त्या सिनेमाचं नाव, खाली 'लाइट टेस्ट', महिन्याची चार तारीख. मग एक मोठी खुर्ची, आणि तीत सहा वर्षांचा मुलगा, पाय जमिनीला न टेकलेले. आवाज नाही. सिनेमात काम करणारं मूल आलेलं नसणार, म्हणून दिवे जमवायला घरचं मूल बसवलेलं. मुलगा थोडा वेळ पाय हलवतो. कुणीतरी रागावलं असावं, तो पाय थांबवतो. कॅमेऱ्याच्या बाजूला कुणीतरी मोठं माणूस उभं आहे, त्याच्याकडे बघून मुलगा काहीतरी विचारतो. उत्तर येतं. ते ऐकल्यावर मुलाची नजर त्या माणसाच्या डोळ्यांवरून सरकते आणि बाजूला जाऊन थांबते. खालचा ओठ डाव्या बाजूनं आत जातो. पापणी लवत नाही.

"अगंबाई, भाऊजी!" ठमीची आई अंधारात म्हणाली.

मग दुसरी पाटी. तोच सिनेमा, तोच महिना, पंधरा तारीख. आणि अप्पांचा तो जगप्रसिद्ध चेहरा. ओठ डावीकडून आत.

आत्यानं दिवे लावले आणि केबिनच्या दारातच उभी राहिली. "त्याआधीचे अप्पांचे चौदाही सिनेमे मी परत बघितले. एकातही हे नाही. चार तारखेनंतर आहे." "आपण सगळी शॉटला शॉट जोडणारी माणसं. पण चौतीस वर्षांत एकालाही सुचलं नाही, की आधी कुठलं आणि नंतर कुठलं ते बघावं. मलाही नाही. वडील आधी असणारच, असं धरून चाललो आपण. माझं मत, शॉट राहावा. झालं माझं."

आता कुणीही अप्पांकडे बघत नव्हतं, आणि ते अप्पांना समजत होतं.

चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस. त्यांना वाटलं होतं, हे आपल्याबरोबरच जाईल. तो डबा त्यांनीच चिठ्ठी न लावता ठेवायला सांगितला होता. जाळायला सांगायचं धाडस तेव्हा झालं नव्हतं. पोराचा चेहरा जाळा, असं कसं सांगणार? पंधरा तारखेला कॅमेऱ्यासमोर उभं राहिल्यावर काही सुचेना, सतरा टेक झाले, दिग्दर्शक डोकं धरून बसला. अठराव्या टेकला त्यांना खुर्चीतलं पोर आठवलं. सेटवर टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांची त्यांना शरम वाटली होती, पण थोडा वेळच. मग सवय झाली.

"तुम्हाला माहीत होतं?" काकानं विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"पंधरा तारखेपासून."

"आणि पेपरात कार्बन छापून आलं तेव्हा?"

"वाचलं होतं मी." अप्पांनी हातातली काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "दोनदा फोन उचलला होता संपादकाला करायला. दोनदा खाली ठेवला. माझं नाव त्या एका शॉटवर उभं होतं. म्हटलं, पोरगा तरुण आहे, तरेल. तरला नाहीस तू. मग सांगून काय उपयोग, असं झालं."

"एक वाक्य होतं, अप्पा."

"एकच होतं."

मग ठमीनं विचारलं, आणि हा प्रश्न तिच्यातल्या नटीचा होता, नातीचा नव्हता. "त्या खुर्चीत काकानं तुम्हाला काय विचारलं होतं? आणि तुम्ही काय सांगितलंत?"

अप्पांनी मान खाली घातली.

"सांगा ना. एवढं काय सांगितलंत, की सहा वर्षांच्या मुलाचा असा चेहरा झाला?"

"त्याला शू लागली होती," अप्पा म्हणाले.

"काय?"

"उतरू का, म्हणून विचारत होता. मी म्हटलं, हलायचं नाही. प्रकाश छान लागला होता."

आधी ठमीच्या नाकातून आवाज आला. मग तिच्या आईनं तोंडावर हात घेतला, पण हसू हाताबाहेर गेलं. केबिनच्या दारात आत्या चौकट धरून हसत होती. या चेहऱ्यावर समीक्षकांनी पानंच्या पानं लिहिली होती. 'एका पिढीचं मूक दुःख' असा एक लेख तर चौकट करून स्टुडिओच्या जिन्यात लावलेला होता. काकाही हसला. खांदे गदगदेपर्यंत हसला, आणि मग त्याचं हसणं एकदम थांबलं, तशा बाकीच्याही थांबल्या.

"मग मी उतरलो का?" त्यानं विचारलं.

"नाही. मी हलू नको म्हटलं होतं ना." अप्पांचा आवाज जेमतेम आला. "खुर्चीतच झाली तुला. पण तू हलला नाहीस."

ठमीची आई पुढे झाली. "भाऊजी, मघाशी मी बोलले ते..."

"असू दे. अर्धं खरं होतं."

अप्पांनी घसा खाकरला. आता शेवटचा शब्द. शिस्तीनं सगळे त्यांच्याकडे वळले. तासाभरापूर्वी विचारलं असतं तर ते म्हणाले असते, शॉट काढा. तो चेहरा परत पडद्यावर बघायची त्यांची इच्छा नव्हती, आणि कारण कुणी विचारलं नसतं.

"मी मत देत नाही," ते म्हणाले. "हा शॉट ज्याचा आहे त्यानं ठरवावं."

काका रिकाम्या पडद्याकडे वळला. ठमीला वाटलं, आता हा काढाच म्हणणार. हक्कच होता त्याचा. तिनं मनात तो शॉट सोडूनही दिला, आणि सोडताना किती दुखतं ते तिला कळलं.

"ताई," काका म्हणाला, "नऊचे अकरा सेकंद कर. तू थोडी लवकर कापलीस. शेवटी ती श्वास घेते, तो माझ्यात नाही, अप्पांच्यातही नाही. तो हिचा आहे. तो दिसू दे."

ठमीला रडू आलं. तिनं ते लपवायचा प्रयत्न केला नाही, आणि केला असता तरी जमलं नसतं.

"आणि पोस्टर?" आईनं हळूच विचारलं. "आता तिघांचं करू का? तुमचा लहानपणीचा चेहरा, अप्पा, आणि..."

"नको. ही एकटी. शेजारी कुणीही नको."

"मी लिहून देतो," अप्पा घाईनं म्हणाले. "सगळ्या पेपरांना. माझ्या सहीनं. आजच."

"लिहा. पण सिनेमा लागल्यावर. आधी लोकांना हिला एकटीला बघू दे." काका उठला आणि अप्पांसमोर येऊन उभा राहिला. "मला तेवढंच हवं होतं, अप्पा. तुमचं नाव नको होतं, कामं नको होती. एकदा मला एकट्याला कुणीतरी बघायला हवं होतं."

"तेव्हा हे मला कळलं असतं तर..."

"कळलं होतं तुम्हाला."

अप्पांनी मान वर केली. या वेळी त्यांची नजर सरकली नाही.

"हो," ते म्हणाले. "कळलं होतं."